देश झाला की

माझ्या मावशीने तिच्या नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. ती रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, हॅनोव्हरच्या प्रयोगशाळेत भल्याभल्यांना फैलावर घेणारी, पोळ्या लाटायला स्वच्छ नकार देणारी बाई. पण नवऱ्याला मात्र ‘अहो’. आणि नवरा कोण, तर क्वेबेकचा, दारात वाकून आत येणारा, फ्रेंच बोलणारा उंच गोरा माणूस. लग्नानंतर लगेचच तिने गंमत म्हणून सांगितलं की आमच्यात नवऱ्याला अशीच हाक मारतात. काकांना ते पटलं. जर्मनीत त्यांचं नाव कोणाला धड म्हणता येत नसे. जे अक्षर गिळायचं तेच लोक ठासून म्हणायचे. चुकीच्या नावापेक्षा हे बरं, असं ते म्हणाले म्हणे. गंमत राहिली बाजूला आणि ‘अहो’ कायमचं चिकटलं.

मागच्या हिवाळ्यात काका स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता पडले. पक्षाघात. मी ब्राउनश्वाइगहून गाडीने पोचले तेव्हा मावशी हॉस्पिटलमध्ये त्यांच्या पलंगाशी उभी होती, अंगातला कोट तसाच, एका पायात घरातली चप्पल आणि एका पायात बूट. नर्स तिला सांगत होती, “त्यांना नावाने हाक मारा. ओळखीच्या आवाजात स्वतःचं नाव ऐकलं की माणूस कधीकधी डोळे उघडतो.”

मावशी वाकली आणि म्हणाली, “अहो. अहो, ऐकलंत का?”

“हे नाव आहे त्यांचं?” नर्सने विचारलं.

“या,” मावशी म्हणाली. जर्मनमधलं ‘हो’.

काकांनी डोळे उघडले नाहीत.

काकांबद्दल सांगायचं तर आधी त्यांच्या देशाबद्दल सांगावं लागेल, आणि तिथेच घोडं अडतं, कारण तो देश नाही. पासपोर्टवर कॅनडा. इथल्या महाराष्ट्र मंडळात त्यांची ओळख ‘कॅनडाचे जावई’. माझी मुलगी त्यांना ‘कानाडा-ओपा’ म्हणायची, ओपा म्हणजे आजोबा. काका प्रत्येक वेळी शांतपणे दुरुस्ती करत, “क्वेबेक.” मंडळी हसून म्हणत, तेच ते! एका वर्षी तर मंडळाने कहर केला. एक जुलैला, कॅनडाच्या राष्ट्रीय दिनाला, काकांना सरप्राइज द्यायचं ठरवून सगळे ढोकळा, सामोसे आणि केक घेऊन मावशीच्या घरी थडकले. केकवर हे एवढं लाल मेपलचं पान. खरं तर काकांचा, म्हणजे क्वेबेकचा, सण चोवीस जूनला होऊन गेला होता, तेव्हा त्यांनी बाल्कनीत निळा झेंडा लावला होता, आणि मंडळातल्या एकाने तो कुठल्या फुटबॉल क्लबचा, असं विचारलंही होतं. पण प्रेमाने आणलेला केक. आपल्या लोकांचं प्रेम असंच असतं, समोरच्याला काय हवंय ते सोडून बाकी सगळं देतात. काकांनी सगळ्यांचे आभार मानले आणि पानाच्या कडेकडेने केक कापला. उरलेलं पान मावशीने उचललं, ताटलीत घेतलं आणि उभ्या उभ्या खाऊन टाकलं. तिला गोड आवडत नाही.

मी पुण्याची. वाद घालायला मला निमित्त लागत नाही. त्यातून मला थोडं फ्रेंच येत होतं, म्हणजे अकरावी-बारावीला मराठी सोडून फ्रेंच घेतलं होतं, कारण फ्रेंच स्कोअरिंग. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी तेच केलं होतं आणि कोणाच्या आईवडिलांना त्यात काही गैर वाटलं नव्हतं. हे काकांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग हसायचे थांबले. “स्वतःची भाषा सोडून माझी घेतलीस,” ते म्हणाले, “तीही मार्कांसाठी. आणि कोणी जबरदस्तीसुद्धा केली नव्हती.”

“पण काका, तुमच्यावर तरी आता कोण जबरदस्ती करतंय?” मी विचारलं. “तुमचं राज्य आहे, विधानसभा आहे, शाळा फ्रेंच, रस्त्यावरच्या पाट्या फ्रेंच. आमचं नाही का राज्यावर भागलं?”

“तुमचं भागलं, कारण तुमच्या देशात सगळेच अल्पसंख्य. प्रत्येक भाषेच्या शेजारी दुसरी भाषा आहे. आमच्या चारी बाजूंना एकच आहे. उरलेला कॅनडा इंग्रजी, खाली अमेरिका इंग्रजी. राज्य म्हणजे दुसऱ्याच्या घरातली खोली. आतून कडी लावता येते, ठीक आहे. पण घराचं काय करायचं ते ठरवताना तुला विचारत नाहीत. देशाचं संविधान बदललं ना, तेव्हा आमची सही नव्हती. आजही नाही. चाललंय त्याच्याशिवाय.”

“आणि तुमच्याही आधी जे तिथे राहत होते त्यांचं काय? त्यांची सही कुठे आहे?”

मला वाटलं चिडतील. ते बराच वेळ ब्रेडला लोणी लावत राहिले. “हा प्रश्न बरोबर आहे,” ते शेवटी म्हणाले. “आमच्याशी जे झालं त्याच्याहून वाईट आम्ही त्यांच्याशी केलं. देश झाला तर पहिल्या दिवशी हाच प्रश्न टेबलावर पाहिजे.”

“आणि नसला तर?”

“तर तू मला बोल लाव. गेनाऊ, नेमकं तेव्हाच.”

मावशी मध्येच म्हणायची, “ह्यांचा देश आमच्या स्वयंपाकघराएवढा. लोकसंख्या एक.” पण ती ऐकत असायची.

हे सगळे वाद जर्मनमध्ये व्हायचे. ते दोघंही आपापसात जर्मनच बोलत. तिला फ्रेंच येत नव्हतं, त्यांना मराठी ‘अहो’, ‘चहा’ आणि ‘पुरे’ एवढंच. काका म्हणत, जर्मन ही आमची भाड्याची जागा, दोघांपैकी कोणाचीच नाही म्हणून भांडण नाही. त्यांना मूल झालं नाही. मूल असतं तर ते कुठल्या भाषेत रडलं असतं, असं एकदा त्यांनी मला विचारलं होतं. माझी मुलगी शेजारीच बसली होती. मी तिला मराठीत पाणी आण म्हटलं आणि ती जर्मनमध्ये ‘लगेच आणते’ म्हणाली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला राग आला. त्यांचा नाही.

पण माझ्या सगळ्या युक्तिवादांचं तोंड त्यांनी एका गोष्टीने बंद केलं होतं. ती त्यांच्या वडिलांची. वडील कागदाच्या गिरणीत होते. गिरणी इंग्रजांची, मुकादम इंग्रजी बोलणारा. त्याला वडिलांचं नाव म्हणता येईना, म्हणून त्याने त्यांना दुसरंच एक सुटसुटीत नाव देऊन टाकलं. पगाराच्या पाकिटावर तेच नाव, हजेरीला तेच नाव. गावातल्या बाकी सगळ्यांसारखे वडीलही रोज सकाळी फाटकातून आत गेले की दुसरेच कोणीतरी व्हायचे आणि संध्याकाळी बाहेर आले की परत स्वतः. संध्याकाळी बायका आपापल्या घराच्या ओट्यावर यायच्या आणि बर्फात खेळणाऱ्या पोरांना हाका मारायच्या. पूर्ण नाव, आणि मागून “व्ह्यँ ताँ सूपे!” म्हणजे चल ये, जेवायला! आपली हाक आली की म्हणायचं, “आलो, आई.” काकांच्या आईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

“त्या हाकेत माझं नाव बरोबर असायचं,” काका म्हणाले. “मला एवढंच हवंय. ती हाक जिथपर्यंत जाते तिथपासून गिरणीच्या फाटकापर्यंत, फाटकाच्या आतसुद्धा, नाव बदलायची वेळ येऊ नये. याला देश म्हणतात. याच्यापेक्षा मोठी व्याख्या मला येत नाही.”

 

क्वेबेकने वेगळा देश व्हावं का, यावर दोनदा कौल झाला, लोकांनी दोन्हीदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा तर अगदी थोडक्यात. मावशी सांगते, निकालानंतर सकाळी काकांनी ऑफिसला जाताना काळा टाय लावला. ते टाय कधी लावत नसत. तिने विचारलं तर म्हणाले, कोणी गेलं की लावतात. तेव्हापासून, निवृत्तीनंतर तिकडे जाऊन राहूया का, निदान एक उन्हाळा जाऊन येऊया का, असं मावशीने कधीही विचारलं तरी त्यांचं ठरलेलं उत्तर असे, “देश झाला की जाऊ.” मावशीला त्या उत्तराची चीड यायची. मलाही. हरलेल्या मॅचचं तिकीट जपून ठेवल्यासारखं ते वाटायचं.

तर पक्षाघात. काका जगले, उजवी बाजू गेली, आणि जर्मन गेलं. पूर्ण गेलं. डॉक्टरांनी समजावलं की असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि पहिली तेवढी उरते. काका बोलत होते, अडखळत, पण फ्रेंच, आणि तेही त्यांच्या गावाकडचं. मावशी खुर्चीवर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. एवढ्या वर्षांच्या संसारात जे काही एकमेकांना सांगितलं, भांडणं, बाजाराच्या याद्या, लाडाचं बोलणं, ते सगळं ज्या भाषेत होतं ती एका बाजूची उठून गेली होती. भाड्याची जागा मालकाने परत घेतली.

मी शनिवार-रविवार जायचे आणि मध्ये बसून दुभाष्याचं काम करायचे. बारावीच्या फ्रेंचवर! मला निम्मं कळत नसे. काका “खिडकी” म्हणाले हे मला कळायचं, पण उघडा की लावा ते कळायचं नाही. मग मावशी एकदा उघडायची, एकदा लावायची आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. “हो का नाही, तेवढं तरी विचार ना,” ती मला म्हणायची. “दुखतंय का विचार. मी कोण आहे ते कळतंय का विचार.”

ते मी विचारलं होतं. तिला सांगितलं नव्हतं. काकांनी तिच्याकडे बघून सभ्यपणे उत्तर दिलं होतं, की या बाई फार चांगल्या आहेत.

पुढे त्यांना फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे शुश्रूषेच्या घरात हलवलं. तिथे वाचा-उपचार करणारी तरुण मुलगी यायची. ती एक दिवस मावशीला म्हणाली, “तुम्ही त्यांना जी हाक मारता त्याला ते काहीच प्रतिसाद देत नाहीत. आल्झो, तर मग, त्यांचं खरं नाव घेऊन बघा. लहानपणी घ्यायचे तसं.”

त्या संध्याकाळी मावशी तिच्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “शिकव मला.”

“काय?”

“त्यांचं नाव. बरोबर कसं म्हणतात ते. इथले म्हणतात तसं नको.”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मावशी मात्र परीक्षेला बसल्यासारखी ताठ. मी नाव म्हणायचे, ती माझ्यामागून म्हणायची. कुठलं अक्षर गिळायचं, कुठे नाकातून आवाज काढायचा. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिने पटकन दाराकडे पाहिलं, जणू कोणी ऐकेल. “कसंतरीच वाटतं गं,” ती म्हणाली. “परक्या माणसाला हाक मारल्यासारखं.” मग आणखी म्हटलं. भाजी निवडताना, भांडी मशीनमध्ये लावताना ती ते नाव म्हणत राहिली. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. काका खिडकीशी चाकाच्या खुर्चीत, मान कलती, बाहेर काहीतरी भुरभुरत होतं, ना धड बर्फ ना पाऊस. मावशी त्यांच्या मागे उभी राहिली. आधी सवयीने म्हणाली, “अहो.” काही नाही. मग तिने श्वास घेतला आणि नाव घेतलं. मोठ्याने, स्वच्छ, एकही अक्षर न चुकता.

काकांची मान उचलली गेली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा अर्धा चेहरा हसला, आणि ते बोलले. दोनच शब्द. बारीक, घाईच्या आवाजात.

मावशीने माझा दंड धरला. “काय म्हणाले? माझं नाव घेतलं का? सांग ना, काय म्हणाले?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण एवढ्या महिन्यांत ती माणसांच्या चेहऱ्यावरून सगळं वाचायला शिकली होती.

“म्हणाले, ‘आलो, आई.’”

मावशीने दंड सोडला. समोर जाऊन त्यांच्या खुर्चीपाशी बसली आणि त्यांच्या मांडीवरची शाल नीट केली. घरी आल्यावर कोट काढता काढता म्हणाली, “ते घरी पोचले बघ. आणि मला तिकडचा व्हिसा नाही.” मग भिंतीला टेकून रडली. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

नंतर काही दिवस ती नुसती ‘अहो’ म्हणत राहिली. हट्टाने. काका बघायचेही नाहीत. खाणं कमी झालं होतं, चमचा ओठाशी नेला की मान फिरवायचे. नर्स हात टेकायला आल्या होत्या. एका रविवारी मावशी मला म्हणाली, “ती ओट्यावरून काय म्हणायची? जेवायचं?”

“मावशी, ते तुला आई समजतात.”

“समजू दे. हाक मारल्यावर कोणीतरी ओ देतंय ना?” तिचा आवाज चढला. “बायको म्हणून बसून राहू आणि ते उपाशी राहू दे, असं म्हणायचंय का तुला? शिकव.”

मी शिकवलं. व्ह्यँ ताँ सूपे. ती चमचा हातात घेऊन पलंगाशी उभी राहायची, नाव घ्यायची आणि म्हणायची, चल ये, जेवायला. थोडा वेळ जायचा. एवढ्या लांबून यायचं तर वेळ लागणारच. मग काका म्हणायचे, “आलो, आई,” आणि तोंड उघडायचे. सूप, भोपळ्याचं, मऊ भात. ओठ पुसून झाले की तेच तोंड भिंतीकडे वळायचं. हे रोज. थकलेली, डोळे सुजलेली माझी मावशी, वाकून, दुसऱ्या बाईच्या आवाजात स्वतःच्या नवऱ्याला जेवू घालत होती. एकदा मी म्हटलं, तू तुझंही काहीतरी बोल त्यांच्याशी. ती म्हणाली, “कुठल्या भाषेत?”

वसंत लागता लागता त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. जाताना तिने हाक मारली का, ते मला माहीत नाही. मी वाटेत होते.

दहनाची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने विचारलं, अस्थिकलश कॅनडाला पाठवायचा का, सोय करता येते. मावशीने त्याच्याकडे बघितलं. “कॅनडाला नाही,” ती म्हणाली. “क्वेबेकला. पण तो देश अजून झालेला नाही. झाला की पाठवू. तोपर्यंत इथेच.” तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बरोबर आहे, तसंच करा.

स्मशानभूमीच्या सभागृहात मंडळातले सगळे आले होते, काळे कोट घालून, थरमॉसमधून चहा घेऊन. मंडळाच्या पुष्पचक्राच्या रिबीनीवर लाल मेपलचं पान छापलेलं होतं. मनापासून आणलं होतं त्यांनी. मावशीने ते पाहिलं, आणि रिबीन काढून घडी करून पर्समध्ये ठेवली. भाषण करायला नेमलेल्या जर्मन गृहस्थांनी काकांचं नाव घेतलं, शेवटचं अक्षर ठासून, आणि म्हणाले, “कॅनडात जन्मलेले.”

मावशीने हात वर केला. वर्गात करतात तसा. “नाइन, नाही,” ती म्हणाली. “क्वेबेक.” मग उभी राहून तिने नाव घेतलं. बरोबर. मंडळातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, कारण इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ते नाव कोणी ऐकलं नव्हतं. गृहस्थ गडबडले, तिच्यामागून तसं म्हणून बघितलं, चुकले. तिने पुन्हा म्हणून दाखवलं. ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा जमल्यावरच ती बसली.

कलश जमिनीत ठेवल्यावर सगळे एकेक मूठ माती टाकून बाजूला झाले. मावशी शेवटी गेली. खड्ड्याच्या काठाशी उभी राहून तिने हाक मारली, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी. पूर्ण नाव, आणि चल ये, जेवायला.

माझ्या मुलीने माझी बाही ओढून जर्मनमध्ये विचारलं, आजी कोणाला बोलावतेय?

मी तिला गप्प केलं, कारण मावशी थांबली होती. मान किंचित कलती करून, त्यांना उत्तर द्यायला नेहमी लागायचा तेवढा वेळ ती थांबली. मग हात झटकून मला म्हणाली, “चल. येत नाहीत ते आता.”